विरारच्या आयसीयूतला धूर आणि 'स्मार्ट' रुग्णालयाचे स्वप्न

२३ एप्रिल २०२१, शुक्रवार. पहाटे तीनच्या सुमारास विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. ती एसीतून सुरू झाल्याचे प्राथमिक माहितीत समोर आले. विभागात त्या वेळी १७ रुग्ण होते. त्यांतल्या १३ जणांचा मृत्यू झाल्याची बातमी सकाळी आली. पुढे हा आकडा १५ वर गेला. आपल्या माणसाला ऑक्सिजनचा बेड मिळाला म्हणून ज्या नातेवाईकांनी सुटकेचा नि:श्वास सोडला होता, त्यांच्यावर त्याच बेडवरून मृतदेह ताब्यात घेण्याची वेळ आली.

या घटनेला काही वर्षे उलटली. आता सरकारी घोषणांत आणि खाजगी रुग्णालयांच्या जाहिरातींत 'स्मार्ट हॉस्पिटल' हा शब्द सतत ऐकू येतो. केसपेपरऐवजी क्यूआर कोड, मोबाईलवर रिपोर्ट, पलंगावरच नाडी आणि ऑक्सिजन मोजणारी यंत्रे, एक्स-रे वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, संपूर्ण इमारतीची वीज आणि हवा एका पडद्यावर दाखवणारी प्रणाली. यांतले बरेच काही उपयोगाचे आहे आणि येणारच आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण वसई-विरारच्या माणसाने या स्वप्नाकडे पाहताना विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: हे तंत्रज्ञान त्या पहाटे असते, तर ते १५ जण वाचले असते का?

उत्तर सोपे नाही. यंत्राने इशारा नक्कीच लवकर दिला असता. पण इशारा मिळाल्यावर कोण धावणार, कोणाला निर्णयाचा अधिकार आहे आणि तो इशारा आधी कितीदा दुर्लक्षित झाला याची नोंद कोणाला पाहता येते, यावर माणसे वाचतात की नाही हे ठरते. 'स्मार्ट' या शब्दाची खरी परीक्षा इथे आहे.

एका वर्षातली पाच ठिकाणे

विरारची आग एकटी नव्हती. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली. मार्चच्या अखेरीस मुंबईत भांडुपच्या एका मॉलमध्ये चालणाऱ्या कोविड रुग्णालयात आगीने रुग्णांचे बळी घेतले. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी विरार. आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील आयसीयूमध्ये आग लागून ११ मृत्यू.

सरकारी आणि खाजगी, जिल्ह्याचे ठिकाण आणि महानगर, नवजात आणि वृद्ध, असा कोणताच भेद या यादीत नाही. एक गोष्ट मात्र समान आहे. बहुतेक ठिकाणी आग किंवा बिघाड झाला तो रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाहीत अशाच विभागात. पेटीत ठेवलेले बाळ आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस दोघेही पूर्णपणे दुसऱ्याच्या जागेपणावर जगत असतात.

आदेशांची कमतरता नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये राजकोटच्या कोविड रुग्णालयातील आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. १८ डिसेंबर २०२० च्या आदेशात प्रत्येक कोविड रुग्णालयाचे महिन्यातून किमान एकदा फायर ऑडिट करण्यास न्यायालयाने राज्यांना सांगितले. भंडाऱ्यानंतर राज्य सरकारनेही रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश काढले. म्हणजे विरारची आग लागली तेव्हा न्यायालयाचा आदेश चार महिने जुना होता आणि भंडाऱ्याची राख साडेतीन महिने जुनी. आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. इथे बैल गेल्यावर झोपा बांधण्याचा आदेश निघाला, आणि दुसरा बैल जाईपर्यंत तो कागदावरच राहिला.

आयसीयूत आग इतकी का भडकते

तंत्रज्ञान नेमके कुठे हवे, हे कळण्यासाठी आयसीयूची हवा समजून घ्यावी लागेल. साध्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते २३ टक्क्यांच्या वर गेले की त्या हवेला धोकादायक मानले जाते, कारण एरवी मंद जळणारी चादर, गादी, प्लॅस्टिकची नळी, पीपीई किट भराभर पेटू लागते. कोविडच्या काळात एकेका रुग्णाला उच्च प्रवाहाच्या यंत्रातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन द्यावा लागत होता. मास्कच्या कडेने निसटणारा ऑक्सिजन खोलीतच साठत होता.

वर खिडक्या बंद आणि एसी चालू. लहान खाजगी रुग्णालयांत बहुधा घरात असतो तसाच स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. असा एसी घरात रात्रीचे आठ तास चालतो. आयसीयूत तो महिनोन् महिने चोवीस तास चालतो. मूळ वायरिंग चार-पाच यंत्रांसाठी केलेले, आणि त्यावर व्हेंटिलेटर, बायपॅप, मॉनिटर, इन्फ्युजन पंप यांची भर पडते. जोडणीचा एखादा स्क्रू सैल होतो, तिथे उष्णता वाढते, प्लॅस्टिक वितळते, ठिणगी पडते. सॅनिटायझर जवळच असते. पुढचे काही मिनिटांत होते, आणि बहुतेक जीव ज्वाळेपेक्षा धुराने जातात. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये ९० हून अधिक माणसे गेली, तीही बहुतांशी तळघरातून वर चढलेल्या धुरामुळे गुदमरून.

म्हणजे धोका अचानक आकाशातून पडत नाही. तो कित्येक दिवस तारेत तापत असतो आणि हवेत साठत असतो. हा काळ हेरणे हेच स्मार्ट तंत्रज्ञानाचे खरे काम आहे.

सेन्सर काय करू शकतो

यासाठी लागणारी साधने चंद्रावरून आणायची नाहीत. वीज पॅनलमध्ये बसवलेला तापमानाचा सेन्सर सैल जोडणी तापू लागल्याचे आधीच सांगतो. प्रत्येक सर्किटवरचा भार मोजणारे मीटर मंजूर क्षमतेपेक्षा जास्त वीज ओढली जात असल्याचे दाखवते. भिंतीवरचा ऑक्सिजन सेन्सर खोलीतले प्रमाण वाढले की एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू करू शकतो. धूर ओळखणारी यंत्रणा नेमक्या कोणत्या खोलीत, कोणत्या कोपऱ्यात धूर आहे हे सुरक्षारक्षकाच्या पडद्यावर आणि थेट अग्निशमन केंद्रात कळवू शकते. अशा इशाऱ्याबरोबर एसी बंद होणे आणि विजेवर चालणारे दरवाजे आपोआप उघडणे हेही जोडता येते.

ऑक्सिजनच्या बाबतीतही तसेच. टाकीची पातळी आणि नळीतला दाब सतत मोजून दूर बसलेल्या माणसाला दाखवणारी यंत्रणा आता उपलब्ध आहे. दुसऱ्या लाटेनंतर पीएम केअर्स निधीतून देशभर एक हजाराहून अधिक ऑक्सिजननिर्मिती प्रकल्प उभे राहिले. ते चालू आहेत की बंद, हे इंटरनेटवरून पाहण्याची व्यवस्था करावी, असे जुलै २०२१ च्या आढावा बैठकीत पंतप्रधानांनी अधिकाऱ्यांना सांगितले होते. सूचना योग्य होती. प्लांट उद्घाटनाच्या दिवशी चालतो. तो तिसऱ्या पावसाळ्यात चालतो का, हा प्रश्न महत्त्वाचा.

सेन्सर काय करू शकत नाही

नाशिकचे उदाहरण घ्या. तिथे टाकी होती, ऑक्सिजनही होता, आणि गळती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती. पांढऱ्या धुक्याचे ते दृश्य देशाने टीव्हीवर पाहिले. माहितीची कमतरता नव्हती. कमतरता होती ती मुख्य पुरवठा तुटताच सगळ्या रुग्णांचा भार लगेच उचलेल अशा दुसऱ्या वाटेची. पर्यायी सिलिंडरची तयार जोडणी नसेल, तर दाब कमी झाल्याचे सांगणारा सेन्सर मृत्यूची बातमी फक्त थोडी आधी देतो.

आगीतही हेच. धुराचा इशारा वाजला. आता त्या विभागाचा ऑक्सिजन बंद करायचा का? बंद केला नाही तर आग भडकेल. केला तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास थांबेल. हा निर्णय यंत्रावर सोडता येत नाही. व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत असलेली, तो बंद करण्याचा अधिकार असलेली, हाताशी सुटे सिलिंडर आणि अम्बू बॅग असलेली सिस्टर तिथे असावी लागते. एक रुग्ण हलवायला दोन-तीन माणसे लागतात. रात्री तीन वाजता विभागात किती माणसे आहेत? त्यांनी शेवटचा सराव कधी केला?

वीज गेली तर सेन्सरही झोपतो. पावसाळ्यात वसई-विरारकरांना हे वेगळे सांगायला नको. पाणी तळमजल्यात शिरले की पॅनल, लिफ्ट आणि जनरेटर तिघेही एकदम बंद पडतात, कारण तिघेही बहुधा तिथेच ठेवलेले असतात. तळमजल्यावरचा जनरेटर वरच्या मजल्यावर नेणे याला कोणी 'स्मार्ट' म्हणणार नाही. पण आपल्या भागातल्या रुग्णालयासाठी अनेक ॲपपेक्षा ते अधिक शहाणपणाचे आहे.

आणि संगणकच बंद पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर काम करावे लागले. तिथे माणसे भरपूर होती म्हणून निभावले. सगळे काही पडद्यावर नेलेल्या आणि माणसे कमी केलेल्या एखाद्या छोट्या रुग्णालयात असे झाले तर काय, याचा विचार आधीच व्हायला हवा.

कागदावरची सुरक्षा

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते परवानाधारक एजन्सीमार्फत दिले जाते. तपासणीचा खर्च अर्थात मालक करतो. ज्याची तपासणी करायची, त्याच्याकडूनच पैसे घेणारा तपासनीस किती कठोर होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि हे प्रमाणपत्र सहा महिन्यांतल्या एका दिवसाचे असते. उरलेल्या दिवसांत वायर तापली का, अलार्म बंद करून ठेवला का, बाहेर पडण्याच्या जिन्यात गाद्या रचल्या का, हे त्या कागदाला कळत नाही. स्मार्ट यंत्रणेचा सर्वांत मोठा लाभ इथे आहे. ती रोजची, तासातासाची नोंद ठेवते. अलार्म कधी वाजला, कोणी बंद केला, किती मिनिटांनी कोण आले, हे सारे तिच्या स्मृतीत राहते. कागद खोटा लिहिता येतो. वेळेसकट आपोआप होणारी नोंद खोटी करणे त्याहून कितीतरी कठीण असते.

पण ती नोंद आज राहते कोणाकडे? रुग्णालयाच्या मालकाकडे आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. ती महापालिकेच्या अग्निशमन विभागाला आपोआप मिळण्याची सक्ती नसेल, तर ती यंत्रणा मालकाच्या सोयीची राहते, रुग्णाच्या सुरक्षेची होत नाही. दुर्घटना घडल्यावर ती नोंद 'सापडत नाही' असे उत्तर मिळायला वेळ लागणार नाही.

वसई-विरारमध्ये हा मुद्दा अधिक गंभीर आहे. ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली तेव्हाच हे शहर नियोजनाच्या पुढे धावत होते. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोकसंख्या होती. त्यानंतर किती भर पडली ते सकाळची विरार लोकल सांगते. कागद एक आणि इमारत दुसरी, हा अनुभव इथल्या माणसाने पुन्हा पुन्हा घेतला आहे. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण मरण पावले. अशा शहरात निवासी इमारतीच्या एखाद-दोन मजल्यांवर चालणारी नर्सिंग होम्स पाहताना 'कागद आहे ना?' एवढा प्रश्न पुरत नाही.

रात्रपाळीचा माणूस

अहमदनगरच्या आगीनंतर काय झाले ते आठवा. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन झाले. पण पोलिसांनी सुरुवातीला अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. वायरिंगचा आराखडा परिचारिकेने केला नव्हता, इमारतीचा निधीही तिने अडवला नव्हता. राज्यभरातल्या परिचारिकांनी या कारवाईचा निषेध केला तो याच भावनेतून.

स्मार्ट यंत्रणा आली की हा धोका वाढू शकतो. पडद्यावर लाल दिवा लागला होता, 'मग तू पाहिला का नाहीस?' हा प्रश्न सर्वांत खालच्या माणसाला विचारला जाईल. आणि एका सिस्टरकडे किती पलंग दिले होते, ती सलग कितव्या रात्रपाळीला होती, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. म्हणून यंत्रातली नोंद दोन्ही बाजूंची हवी. अलार्म वाजल्याची जशी, तशी त्या वेळी विभागात किती कर्मचारी हजर होते याचीही.

आपल्या समाजाचा या बाबीशी थेट संबंध आहे. वॉर्डबॉय, मावशी, सफाई कामगार, लिफ्टमन, सुरक्षारक्षक यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यातले कितीतरी कंत्राटी. रुग्णाला स्ट्रेचरवर ओढून बाहेर काढणारे हात त्यांचेच असतात, पण फायर ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावे नसतात, कारण ते रुग्णालयाचे नव्हे तर ठेकेदाराचे कर्मचारी. ठेका बदलला की प्रशिक्षण घेतलेला माणूसही जातो. अत्याधुनिक अलार्म आणि दर अकरा महिन्यांनी बदलणारा माणूस, ही जोडी सुरक्षित नाही.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणारा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ मध्ये आला, आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. उपचार ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. त्याच योजनेतून चालणाऱ्या मुंबईच्या मरोळ येथील कामगार रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागली, रुग्ण दगावले आणि रुग्णालय बराच काळ बंद राहिले. हक्क मिळाला, पण तो ज्या इमारतीत बजावायचा तीच सुरक्षित नाही, तर त्या हक्काचे मोल किती?

आपली माहिती, त्यांचा पडदा

स्मार्ट रुग्णालयाचा दुसरा चेहरा म्हणजे रुग्णाची माहिती. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ अंकी 'आभा' क्रमांकावर आपले रिपोर्ट आणि औषधे एकत्र राहू शकतात. विरारहून बोरिवलीला आणि तिथून केईएमला पाठवल्या जाणाऱ्या रुग्णासाठी हे वरदान ठरू शकते. पिशवीतले फाटके केसपेपर हरवले म्हणून पुन्हा तपासण्या करण्याचा खर्च वाचेल. जव्हार, मोखाड्यातल्या माणसाला ई-संजीवनीवरून तज्ज्ञ डॉक्टरचा सल्ला मिळू शकतो.

मात्र तिथे नेटवर्क हवे, आणि सल्ल्यानंतर औषध आणि रस्ताही हवा. पाड्यावरून डोलीत बसवून आणलेल्या गरोदर बाईला पडद्यावरचा डॉक्टर शस्त्रक्रिया करू शकत नाही. सकाळी नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराला ओटीपीशिवाय केसपेपरच मिळणार नसेल, तर रांग कमी झालेली दिसेल, पण ती माणसे बाहेर राहिल्यामुळे कमी झालेली असेल. म्हणून ॲपबरोबर माणूस बसलेली खिडकी कायम राहिली पाहिजे.

गोपनीयतेचेही भान हवे. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांची माहिती चुकीच्या हाती गेली तर नोकरी जाते, भाड्याचे घर जाते, लग्न मोडते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातही बदल केला, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. रुग्णाचा आजार ही खाजगी बाब आहे. रुग्णालयाचा फायर रिपोर्ट खाजगी नाही. आज व्यवहारात नेमके उलटे होते: रुग्णाची माहिती सहज फिरते आणि इमारतीची माहिती 'गोपनीय' म्हणून दडते.

सोपाऱ्याचा दगड

विरारच्या शेजारचे स्थानक नालासोपारा. तिथल्या प्राचीन सोपाऱ्यात १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे चौदा लेखांचा संपूर्ण संच कधीकाळी इथे कोरलेला असावा, असे अभ्यासक मानतात. गिरनार आणि इतर ठिकाणी वाचता येणाऱ्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी दोन्ही प्रकारच्या उपचारांची व्यवस्था केल्याचे, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याचे, रस्त्यांवर विहिरी आणि झाडांची सोय केल्याचे नमूद आहे.

त्या लेखांतले वचन मोलाचे आहेच. तितकेच मोलाचे आहे ते कुठे लिहिले होते हे. बंदराच्या, व्यापाराच्या गावी, लोक येतात-जातात अशा ठिकाणी, लोकांच्या भाषेत राजाने आपले म्हणणे दगडावर कोरले. शासन काय करणार, हे प्रजेला वाचता यावे, म्हणून. आज रुग्णालयाची सुरक्षा एका पासवर्डमागे आहे. सव्वादोन हजार वर्षांहून जुन्या त्या पद्धतीपेक्षा आपण या बाबतीत मागे आहोत.

तरुणांनी काय करावे

विरारच्या मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख आणि केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. पण पुढची दुर्घटना टाळणे हे कोणत्याही न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून नाही. त्यासाठी आपल्या मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, प्रत्येक रुग्णालयाच्या फॉर्म बीची तारीख आणि फायर ऑडिटचा निष्कर्ष महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि रुग्णालयाच्या दारावर मराठीत लागला पाहिजे. माहिती अधिकाराचे कलम ४ अशी माहिती आपणहून प्रसिद्ध करण्यास सांगते. ती मिळत नसेल तर अर्ज करा. खाजगी रुग्णालयाचे प्रमाणपत्रही अग्निशमन विभागाकडेच जाते, म्हणून अर्ज महापालिकेकडे करता येतो.

दुसरी, आयसीयू आणि नवजात कक्षाला परवानगी देताना किंवा नोंदणीचे नूतनीकरण करताना वीजभार, ऑक्सिजन आणि धुराचे सेन्सर बंधनकारक करावेत. त्यांचा इशारा थेट अग्निशमन केंद्रात गेला पाहिजे, आणि प्रत्येक इशाऱ्याची नोंद मालकाला पुसता येऊ नये. लहान नर्सिंग होमला खर्च परवडत नसेल, तर सरकारने अनुदान द्यावे. क्यूआर कोडच्या पाट्यांआधी हा खर्च झाला पाहिजे.

तिसरी, महिन्यातून एकदा रात्रपाळीत सराव. त्यात कंत्राटी वॉर्डबॉय, मावशी आणि सुरक्षारक्षक यांना पगारी वेळेत सामील करावे. कोण किती मिनिटांत पोहोचले, हे लिहून ठेवावे.

चौथी, उपलब्ध बेड, व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनची ताजी स्थिती लोकांना पाहता यावी. एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक रिक्षा करून दार दार फिरले, व्हॉट्सॲपवर विनवण्या केल्या. तंत्रज्ञान तेव्हाही होते. ते लोकांसाठी जोडलेले नव्हते.

आपल्या विहारांत, वस्तीतल्या मंडळांत इंजिनिअर, नर्सिंगचे विद्यार्थी, वायरमन, आयटीआय झालेली मुले आहेत. प्रत्येक वस्तीतून चार-पाच जणांचा गट करा. आपली माणसे जिथे भरती होतात त्या रुग्णालयांची यादी करा. बाहेर पडण्याचा दुसरा जिना उघडा आहे का, फॉर्म बी कोणत्या महिन्याचा आहे, हे विनम्रपणे विचारा, लिहून ठेवा, उत्तर मिळाले नाही तर अर्ज करा. जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांवर खूण करा.

यंत्र रात्रभर जागे राहू शकते. पण त्याचा आवाज ऐकण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे, आणि ते आपल्याला वाचता आले पाहिजे.